पोटरी उडते, पापणी लवते... भित्यापाठी ब्रह्मराक्षस!

वाचकहो, दिवसभराची कामे उरकून रात्री अंथरुणाला पाठ टेकली आणि पोटरीतले मांस आपोआप उडू लागले, असे तुमच्या बाबतीत कधी झाले आहे काय? हात लावावा तर थांबते, हात काढला की पुन्हा सुरू होते. कधी पापणी लवते, कधी दंडात टकटक होते, कधी अंगठा आपल्याआपण हलतो. दुखत नाही, खुपत नाही. पण कातडीखाली एखादा किडा वळवळावा तसे वाटते.

असे झाले नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. आपल्या वाडवडिलांनाही हे चांगले ठाऊक होते. पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ, बाईचा डावा लवला तर शुभ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पंचांगात तर कोणते अंग स्फुरले तर काय फळ, याची यादीच असते. कालिदासाच्या 'शाकुंतला'त दुष्यंत राजा आश्रमात पाऊल टाकतो तेव्हा त्याचा उजवा बाहू स्फुरतो. रामायणात अशोकवनातल्या सीतामाईचा डावा डोळा लवतो. त्या शकुनावर तुमचा विश्वास असो वा नसो, त्यातून एक गोष्ट कळते. अंग फडफडणे माणसाइतकेच जुने आहे.

आता मात्र नवीनच भीती घरात शिरली आहे. समजा, एखादा तीस-बत्तीस वर्षांचा धडधाकट गडी आहे. पोटरी उडते म्हणून तो रात्री मोबाईल उघडून पाहतो. तिथे दहा साधी कारणे लिहिलेली असतात आणि अकरावा एक भयंकर रोग असतो. दहा कारणे डोळ्यांसमोरून निघून जातात, अकरावे मनात रुतते. मग झोप जाते, जेवण जाते. आज पोटरी बघ, उद्या दंड बघ, परवा जीभ आरशात बघ. गावचा दवाखाना झाला, तालुका झाला, जिल्हा झाला. तपासण्यांचे कागद पिशवीत मावेनात. बी-बियाणाला ठेवलेले पैसे त्यात गेले, तरी मन काही शांत होत नाही. घरचे म्हणतात, "ह्याला काही झालेले नाही." तो म्हणतो, "तुम्हाला माझे दुखणे कळत नाही."

खरे पाहता दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. त्याच्या पोटरीला काही झालेले नाही, आणि त्याला दुखणे मात्र आहे. ते दुखणे भीतीचे आहे. त्याचाच आज विचार करू.

अंगात नेमके काय होते?

आपले स्नायू म्हणजे विहिरीवरची मोटार समजा. मेंदू आणि पाठीचा कणा म्हणजे वीजघर. तिथून मोटारीपर्यंत वायर येते, ती म्हणजे मज्जातंतू, साध्या भाषेत नस. आपण पाय उचलायचे ठरवले की वरून प्रवाह येतो आणि स्नायू आवळतो. पण कधी कधी वरून हुकूम नसतानाही वायरीच्या टोकाला एखादी ठिणगी पडते. तेवढ्यापुरता स्नायूचा एक लहानसा झुबका आवळतो आणि सुटतो. कातडीवरून आपल्याला ती फडफड दिसते. पाय मात्र जागचा हलत नाही, कारण सगळा स्नायू त्यात सामील नसतो.

ठिणगी पडायला कारणे साधीच असतात. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की रात्र रात्र पिकाला पाणी देत जागावे लागते. जागरण हे पहिले कारण. उसाच्या मोळ्या वाहून किंवा पाठीवर पोती मारून स्नायू थकतात, हे दुसरे. उन्हात घामावाटे पाणी आणि क्षार निघून जातात, हे तिसरे. दिवसाला दहा कप चहा, तंबाखूची चिमूट, दारू ही चौथ्या रांगेतली मंडळी. दम्याच्या काही औषधांनीही अंग थरथरते किंवा फडफडते. आणि पाचवे कारण सगळ्यांत जोरदार आहे. ते म्हणजे काळजी.

काळजीचे रहाटगाडगे

माणूस घाबरला की शरीरात ॲड्रेनलिन नावाचा रस वाढतो. वाटेत साप दिसला तर उडी मारून बाजूला होता यावे, म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. या रसाने छाती धडधडते, तळव्यांना घाम सुटतो आणि नसा तरतरीत होतात. तरतरीत नसांना ठिणगी लवकर पडते. म्हणजे फडफडीने भीती वाढली, भीतीने रस वाढला, रसाने फडफड वाढली. रहाटाचे एक गाडगे रिकामे होते तोवर दुसरे भरून वर येते, तसेच हे.

त्यात आणखी भर आपल्या लक्षाची. रात्री सगळे निजल्यावर छपरातून ठिबकणारे पाणी ऐकू येते. दिवसाही ते ठिबकतच असते, पण बैलांच्या घंटा आणि पोरांच्या गलक्यात आपल्याला ते कळत नाही. अंगाचेही तसेच आहे. खुरपणी चालू असताना पोटरी उडली तर पत्ताही लागत नाही. अंथरुणावर पडून पोटरीवर पहारा ठेवला, तर एकही फडफड सुटत नाही. मग वाटते, आजार रात्री वाढतो. वाढलेला असतो तो पहारा.

काहीजण पोटरी दाबून बघतात, टेप लावून दोन्ही पायांचे घेर मोजतात, टाचांवर चालून बघतात, दिवसातून पन्नास वेळा मूठ आवळून बघतात. दाबून दाबून स्नायू दुखरा होतो, आवळून आवळून थकतो, आणि थकलेला स्नायू आणखी फडफडतो. शिवाय कोणाचेही दोन हात अगदी सारखे नसतात. ज्या हाताने आपण कुऱ्हाड चालवतो तो दुसऱ्यापेक्षा थोडा जाड असायचाच. पण घाबरलेल्या माणसाला तो फरकही पुरावा वाटतो. साप साप म्हणून भुई धोपटायची, आणि धोपटून दमलो की म्हणायचे, बघा किती अशक्तपणा आला!

त्या मोठ्या आजाराबद्दल

लोकांना भीती असते ती मोटर न्यूरॉन डिसीज या रोगाची. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना हाच आजार होता. त्यात स्नायूला हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशीच हळूहळू मरतात. आजार गंभीर आहे, त्याला हलके लेखायचे कारण नाही. पण तो किती दुर्मीळ आहे हेही समजून घ्या. वर्षभरात लाखभर माणसांमागे एक-दोघांना तो नव्याने होतो, आणि बहुतेकांना पन्नाशीनंतर. पाच हजार वस्तीच्या गावात दहा-वीस वर्षांत एखादा रोगी निघेल, असे हे प्रमाण.

उलट बाजूचा हिशेब पाहा. १९६३ साली अमेरिकेत निरोगी लोकांची पाहणी झाली. तुमचे स्नायू असे फडफडतात का, असे विचारल्यावर दहांपैकी सातजणांनी होय म्हणून सांगितले. म्हणजे त्याच पाच हजारांच्या गावात साडेतीन हजार लोकांचे मांस कधी ना कधी उडते, आणि ते खुशाल शेतात जातात.

याहून मोलाची पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या नावाजलेल्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १२१ रोग्यांची पुढची हकिकत मिळवली. या सर्वांचे स्नायू फडफडत होते, पण तपासणीत अशक्तपणा किंवा दुसरा दोष आढळला नव्हता. कोणाला तपासून २ वर्षे झाली होती, तर कोणाला ३२ वर्षे. त्या १२१ पैकी एकालाही तो आजार झाला नाही. कित्येकांची फडफड पुढेही चालू राहिली, पण त्यांचे काही बिघडले नाही. डॉक्टर लोक तिला 'निरुपद्रवी फडफड' म्हणतात. १९४८ सालीच डेनी-ब्राउन आणि फोली या डॉक्टरांनी तिचे वर्णन करून ठेवले आहे.

ही भीती अडाणीपणाची आहे असेही समजू नका. २०१३ साली सिडनीच्या डॉक्टरांनी एक लेख लिहिला, तो चक्क अशा भीतीने पछाडलेल्या डॉक्टर मंडळींवर! ज्याने पुस्तकात रोग वाचला, त्यालाच तो स्वतःच्या पोटरीत दिसू लागला. तेव्हा असे तुम्हाला झाले तर लाजू नका.

पाटात पाणी येते का, ते बघा

आता मुख्य गोष्ट. विहिरीवरची मोटार कधी घरघरते, कधी आवाज बदलते. शहाणा शेतकरी आवाज ऐकत विहिरीवर बसून राहत नाही. तो पाटाकडे बघतो. पाटात पाणी रोजच्यासारखे येत असेल तर तो निर्धास्त दारे धरायला जातो.

शरीराचेही असेच आहे. फडफड हा आवाज झाला. काम हे पाटातले पाणी. तुम्ही सदऱ्याच्या गुंड्या लावता, धार काढता, भाकरी थापता, भरलेली घागर उचलता, उकिडवे बसून उठता, सायकल मारता. हे सगळे पूर्वीसारखे होत असेल तर पाटात पाणी येते आहे. त्या मोठ्या आजारात नुसती फडफड असून माणूस ठणठणीत, असे सहसा राहत नाही. त्यात काम अडते. चप्पल पायातून निसटते, पाऊल लोंबते, किल्ली फिरवता येत नाही, बोलणे जड होते, घास अडकतो, एखादा स्नायू डोळ्यांना दिसेल असा वाळतो. आणि हे एक दिवस वाटून दुसऱ्या दिवशी जात नाही, वाढत जाते.

इथे एक फरक नीट समजून घ्या. 'अंगात त्राण नाही असे वाटणे' आणि 'जोर न लागणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळजीने पाय गळाल्यासारखे वाटतात, पण अंगावर बैल धावून आला तर त्याच पायांनी माणूस कुंपण ओलांडतो. ज्याचा खरा जोर गेला आहे, त्याला वेळ आली तरी ते जमत नाही.

इथे मात्र थांबू नका

फडफडीकडे दुर्लक्ष करा असे सांगताना शेतकरी घरांसाठी एक इशारा द्यायलाच हवा. पिकावर औषध फवारल्यावर किंवा फवारलेल्या रानात काम केल्यावर अंगभर मांस उडू लागले, त्यासोबत घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, मळमळ, उलटी, जुलाब, पोटात कळ, छाती दाटणे, अंधुक दिसणे असे काही असेल, तर ती काळजीची फडफड नव्हे. ती विषबाधा आहे. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके नसा आणि स्नायू यांच्या सांध्यावरच घाव घालतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विसरता येणार नाही.

अशा वेळी माणसाला ताबडतोब रानाबाहेर काढा, अंगावरचे कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग आणि केस धुवा. धुणाऱ्याने आपले हातही जपावेत. ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी बरोबर घेऊन थेट मोठा दवाखाना गाठा. यावर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला पाहिजे.

याशिवाय वर सांगितल्याप्रमाणे जोर कमी होत असेल, बोलणे वा गिळणे बिघडले असेल, नुसत्या पापणीऐवजी अर्धा चेहराच ओढला जात असेल, किंवा झटके येऊन शुद्ध जात असेल, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

डॉक्टर एकच धरा

फडफड चालू आहे, मन मानत नाही, तर एकदा चांगल्या डॉक्टरांकडे जा. जे होते ते सगळे सांगा. चहा किती, तंबाखू किती, झोप किती, फवारणी कधी केली, घरात काळजी कसली, हेही लपवू नका. डॉक्टर हातापायांचा जोर बघतील, गुडघ्यावर हातोडी मारून बघतील. गरज वाटली तर रक्तातले कॅल्शियम, थायरॉईड वगैरे तपासतील. क्वचित शंका असली तर मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांकडे पाठवतील. ते स्नायूत बारीक सुई घालून विद्युत तपासणी करतात. ती प्रत्येकाला लागतेच असे नाही.

एकदा त्यांनी "काही नाही" म्हटले की ते उत्तर घरी आणा आणि सांभाळा. एका डॉक्टरांनंतर दुसरे, दुसऱ्यांनंतर तिसरे, असे करू नका. पुन्हा दाखवायचे तर त्यांनी दिलेल्या तारखेला, त्याच डॉक्टरांना. आणि "एखादे सलाईन लावा, ताकदीची सुई द्या" असा हट्ट धरू नका. सलाईनने ही फडफड जात नाही, पैसे मात्र जातात. चालू असलेले कोणतेही औषध आपल्या मनाने बंदही करू नका.

मनाला वळण कसे लावावे?

पहिले, फडफड थांबवायची खटपट सोडा. ती आठवड्यात जाईल, नाहीतर कधी वर्षभर येत-जात राहील. "उडते तर उडू दे" असे म्हणून हातातले काम चालू ठेवा. बैलाच्या अंगावर माशी बसली की त्याची कातडी थरथरते, पण तो चरणे सोडत नाही.

दुसरे, तपासून बघणे कमी करा. एकदम सुटणार नाही. आज वीस वेळा पोटरी पाहिली असेल तर उद्या दहा, परवा पाच. पाहण्याची उबळ आली की "अर्ध्या तासाने पाहू" असे म्हणा. अर्ध्या तासात बहुधा उबळ निघून जाते.

तिसरे, या विषयासाठी मोबाईल उघडणे बंद. रात्री तर तो हाताशी ठेवूच नका. तिथे उत्तर शोधताना दर वेळी नवीन प्रश्न सापडतो.

चौथे, चिंतेला वेळ नेमून द्या. संध्याकाळी पंधरा मिनिटे ओट्यावर बसून हवी तेवढी चिंता करा, हवे तर वहीत लिहा. दिवसा विचार आला की त्याला सांगा, "संध्याकाळी ये." हसू येईल, पण याचा उपयोग होतो.

पाचवे, शरीराचे साधे हिशेब नीट ठेवा. रात्रीचे पाणी घरातल्यांनी पाळीपाळीने धरावे. दुपारनंतर चहा टाळावा. तंबाखू सोडता आली तर फारच उत्तम. उन्हात पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत घ्यावे. जेवणात नाचणी, पालेभाजी, शेंगदाणे, केळी असावीत. याने फडफड गेलीच पाहिजे अशी अट घालू नका. अंग मात्र बरे राहील.

आणि स्वतःला एक प्रश्न विचारा: ही भीती आली केव्हा? पुष्कळदा तिच्या मागे दुसरेच काही असते. डोक्यावर कर्ज, पाऊस लांबलेला, घरात नुकतेच कोणी गेलेले, मुलीचे लग्न. ती काळजी बोलून दाखवता येत नाही, म्हणून ती पोटरीच्या तोंडून बोलते. तिच्याविषयी घरात बोला. बोलूनही रात्रीच्या रात्री जागून जात असतील, कामावरचे मन उडाले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. भीतीचा रोग बोलण्याने आणि गरज पडल्यास औषधाने बरा होतो. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीतून बोलता येते.

घरच्या मंडळींना दोन शब्द

मायबहिणींनो, बंधूंनो, घरात असे माणूस असेल तर त्याची चेष्टा करू नका. "नाटके करतो" हे शब्द त्याला घरातच एकटे पाडतात. पण दर तासाला "बघ बरं, उडतंय का?" असे त्याने विचारले, तर दर वेळी वाकून पोटरीही बघू नका. आज तुमच्या उत्तराने त्याला बरे वाटेल, पण तासाभराने तो पुन्हा विचारील. मायेने एवढेच म्हणावे, "डॉक्टरांनी सांगितलंय ते आपल्याला ठाऊक आहे. उठा, गुरांना वैरण टाकायची आहे, दोघं मिळून जाऊ." त्याच्या भीतीशी वाद घालण्यापेक्षा त्याला सोबत देणे अधिक उपयोगाचे आहे.

वाचकहो, मन चिंती ते वैरी न चिंती, असे म्हणतात. अंग हे जिवंत यंत्र आहे. ते कधी टकटक करील, कधी फडफडेल. पेरणीच्या दिवसांत मोटारीच्या आवाजापाशी कान लावून बसलात तर वाफसा निघून जाईल. एकदा नीट तपासून घ्या, आणि मग पाटाकडे बघा. पाणी येते आहे ना? मग फावडे उचला आणि दारे धरा.